चुकीच्या हुकमाला हलायचं नाही

हुकूमबाई हे नाव तिला वर्गातल्या पोरांनी ठेवलं होतं. पोरं म्हणायची आपली पद्धत. एक नर्स, एक हॉटेलातला आचारी, दोन वेल्डर, बंदरावर क्रेन चालवणारा एक आडदांड गडी आणि अशीच दिवसभर राबून आलेली आणखी काही मोठी माणसं. स्पॅनिश शिकायचं आणि परदेशी कामाला जायचं, हा सगळ्यांचा बेत. संध्याकाळी ही पोरं शाळेच्या बाकांमध्ये गुडघे कोंबून बसायची आणि डुलक्या घ्यायची. पण नावं ठेवण्यात शाळकरी पोरांच्या तोडीस तोड. बाई स्पॅनिशमधला हुकमांचा धडा शिकवतात, म्हणून हुकूमबाई.

त्यांना काय ठाऊक, की या बाईचा हुकूम घरी मांजरसुद्धा पाळत नव्हतं. घरात मांजर नव्हतंच म्हणा, पण असतं तरी पाळलं नसतं.

घरी हुकूम चालायचा तो आईचा. आई एके काळी इस्पितळाच्या लाँड्रीत मुकादम होती. हाताखाली बायांची पलटण, आणि चादरीच्या घडीत बोटभर फरक पडला तर ती चादर परत. आता खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगाला खिळली होती, पण मुकादमकी काही सुटली नव्हती. "अगं, पडदा ओढ. एवढा नको. अगं, उशी वर घे. अगं, चादरीचा कोपरा बघ, पायाकडचा. तो तिरका दुमडून मग आत खोचतात, बोळा करून नाही कोंबत." दिवसातून किती वेळा 'अगं' व्हायचं याची मोजदाद कोण ठेवणार. हुकूमबाई 'आले' म्हणायची आणि जायची. कमरेतून एक कळ निघायची ती मानेपर्यंत जायची, मग ती दोन क्षण भिंतीला हात लावून उभी राहायची, आणि पुन्हा 'अगं'.

तिचं सगळं आयुष्यच असं गेलं होतं. तरुणपणी ती एका जहाज कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट होती. तिथे येणारी स्पॅनिश पत्रं वाचणारा म्हातारा कारकून एक दिवस बसल्या जागी वारला, आणि साहेबांनी मागे वळून पाहिलं तर ही एकटी खुर्चीत. "तू शीक," साहेब म्हणाले. ही शिकली. दादाचं लग्न आधी होऊ दे, असं घरचे म्हणाले, तिने होऊ दिलं. वडील आजारी आहेत, तुझं पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाले, तीही बघू म्हणाली. असं करता करता तिचं लग्न राहून गेलं, आणि ते राहून गेलं हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणी वाईट नव्हतं हो त्यात. फक्त सांगणारे पुष्कळ होते आणि ऐकणारी एकच.

पुढे जहाज कंपनी बुडाली आणि तिने भाषा शिकवणाऱ्या एका संस्थेत संध्याकाळचा वर्ग धरला. तिथल्या जुन्या मास्तरांनी सोपे धडे आधीच वाटून घेतले होते. नमस्कार-चमत्कार, बाजारहाट, घरातली नाती. उरला हुकमांचा धडा. तो कुणालाच नको होता, कारण त्यात अक्षरं बदलतात.

हे अक्षर बदलण्याचं प्रकरण काय ते आताच सांगून टाकलेलं बरं. 'तोकार' म्हणजे हात लावणं. हक्काच्या माणसाला 'हात लाव' म्हणायचं तर नुसतं 'तोका', तिथे काही भानगड नाही. पण परक्या माणसाला अदबीने 'हात लावा' म्हणायचं तर 'तोके' होतं, आणि कुणालाही 'हात लावू नको' म्हणायचं असेल तरी तसाच 'के' येतो. आता तो 'के' जुन्याच अक्षराने लिहिला तर वाचणारा 'से' वाचून मोकळा होईल. म्हणून जुनं अक्षर काढायचं आणि त्याच्या जागी दुसरी दोन बसवायची. 'आपागे' म्हणजे दिवा मालवा, त्यात मध्येच एक मुकं अक्षर घुसवायचं. 'एम्पिएसे' म्हणजे सुरू करा, त्यातलं अक्षर चक्क पालटायचं. एवढा खटाटोप कशासाठी, तर कानाला पडणारा आवाज होता तोच राहावा म्हणून.

"म्हणजे मॅडम, आवाज तोच राहायला हवा म्हणून अक्षरांनी मरायचं," आचारी पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

"मरायचं नाही. जागा सोडायची," ती म्हणाली, आणि मग ते उत्तर तिचं तिलाच फारसं आवडलं नाही.

हा धडा दमलेल्या डोक्यांत शिरावा म्हणून तिने एक पद्धत पाडली होती. एकाने फळ्यावर हुकूम लिहायचा. बरोबर लिहिला असेल तर सगळ्यांनी तो पाळायचा: खुर्च्या उचला, पुस्तकं काढा, खिडकीपाशी जा. चुकला असेल तर कुणी जागचं हलायचं नाही. हात वर असेल तर वर, तोंड उघडं असेल तर उघडं. आणि चूक कुठे आहे तेही सांगायचं नाही. ज्याने लिहिलं त्याने फळ्यापाशी उभं राहून स्वतः शोधायची. चुकीच्या हुकमाला हलायचं नाही, हा त्या वर्गाचा कायदा. आणि पोरं तो असा काही पाळत की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. एकदा संस्थेच्या वॉचमनला घरी जायची घाई होती. त्याने दारातून ऐकून ऐकून चार शब्द उचलले होते. तो आत आला आणि ऐटीत फळ्यावर 'दिवा मालवा' असं स्पॅनिशमध्ये लिहून बाजूला उभा राहिला. ते मुकं अक्षर राहिलं होतं. अख्खा वर्ग पुतळा. वॉचमनने खाकरून पाहिलं, किल्ल्या वाजवून पाहिल्या, शेवटी खाली जाऊन मेन स्विचच काढला. अंधारातही कुणी हललं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या बाकावर येऊन बसायला लागला.

पण त्या पद्धतीतली खरी गंमत निराळीच होती, आणि ती हुकूमबाईने कुणाला सांगितली नव्हती. वर्ग थिजला की तिला विसावा मिळायचा. जगातल्या एकाही माणसाला त्या वेळी तिच्याकडून काही नको असायचं. ती खुर्चीत बसायची, डोळे मिटायची, आणि खांदे खाली यायचे. तेवढाच काय तो दिवसातला आराम. नर्सच्या ते लक्षात आलं. रात्रपाळ्या करणारी बाई ती, दमलेलं माणूस पाठमोरं ओळखायची. बाईंचा चेहरा फारच उतरलेला दिसला की ती उठायची, फळ्यावर ठणठणीत चुकीचा हुकूम लिहायची, आणि मग हनुवटीला खडू लावून चूक शोधत उभी राहायची. तिला ती सापडायची नाही म्हणजे नाही. सगळ्या वर्गाला कळत होतं. बाईंनाही कळत होतं, पण कुणी कुणाला बोलून दाखवलं नाही.

तर असा तो वर्ग. आणि तोच आता जायच्या बेतात होता.

आईची पाळी लावलेली होती, अर्धं वर्ष हिच्याकडे आणि अर्धं दादाकडे. ठरवली होती दादानेच आणि मोडायचाही तोच. कधी वहिनीला ऑफिसात फार काम असायचं, कधी घर रंगवायला काढलेलं असायचं. रंग वाळायला चार-चार महिने लागतात, असं जगात फक्त दादाच्याच घरी होत असेल. उंटावरून शेळ्या हाकण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता. गावाच्या दुसऱ्या टोकाला बसून फोनवरून सांगायचा: डॉक्टर बदल, आईला पंख्याखाली ठेवू नको, गादी उन्हात टाक. "बरं," ही म्हणायची. मनाने तो दुष्ट होता असंही नाही. पण आपण सांगावं आणि बहिणीने करावं, याची त्याला अशी सवय लागली होती की आपण काही सांगतो आहोत हेच त्याच्या गावी नव्हतं.

या खेपेला मात्र 'बरं' म्हणून भागणार नव्हतं. संध्याकाळी वर्गाच्या वेळी आईजवळ बसायची ती समोरच्या घरातली शिवणकाम करणारी बाई. तिचे डोळे अधू झाले आणि मुलगा तिला आपल्याकडे घेऊन गेला. आई तर एकटी ठेवण्यासारखी नव्हती. एकदा पाण्याच्या भांड्यासाठी स्वतःच उठायला गेली आणि पलंगाखाली पडली, तेव्हापासून हुकूमबाईचा जीव टांगणीला लागलेला. बाहेरची बाई ठेवू, असं तिने सुचवून पाहिलं. "घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला?" दादाने विचारलं, आणि घरचं माणूस म्हणजे कोण ते विचारायची सोय नव्हती. गेल्या सत्रात तिच्या इतक्या रजा झाल्या की संस्थेच्या साहेबांनी बोलावून घेतलं.

"बाई, सोमवारी नवं सत्र," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "रोज याल असा शब्द द्या. नाहीतर मी भिंतीवर टीव्ही लावतो आणि रेकॉर्ड केलेले धडे दाखवतो. मग तुम्हाला परत घेणं माझ्या हातात राहणार नाही."

तिने शब्द दिला. रविवारी दादाची पाळी लागत होती. आई तिकडे गेली तर वर्ग राहणार होता, आणि आई इथे राहिली तर वर्ग गेला. मधला रस्ता नव्हता.

शनिवारी दुपारी तिने आईचे केस धुतले. पडल्या माणसाचे केस धुणं म्हणजे खटलंच असतं. मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, त्यावर प्लास्टिक, प्लास्टिकचं टोक बादलीत, आणि एका हाताने डोकं तोलून दुसऱ्या हाताने तांब्या.

"पाणी गार आहे," आई म्हणाली. तिने गरम घातलं. "आता भाजतंय."

"बरं."

"उद्या येणार ना तो?"

"येणार. पाळी आहे त्याची."

 आईचं डोकं तळहातावर फार हलकं लागत होतं.

"तिथे खोली मोठी आहे," हुकूमबाईच म्हणाली.

"खोली आहे. टीव्ही आहे. सकाळी दोघं दार ओढून जातात आणि एक मुलगी ठेवतात माझ्यापाशी. मी पाणी म्हटलं की 'हो आजी' म्हणते आणि मोबाईलच बघत बसते." आईने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. लाँड्रीतला साबण संपलाय, असं सांगावं तसं सांगितलं. "तिथे माझं कुणी ऐकत नाही गं."

 आई हुकूमबाईला नकोशी झाली होती का? नाही. ती दमली होती. पण माणूस इतकं दमलं की त्याचं त्यालाच उमगेनासं होतं, आपण दमलोय की आपल्याला नको झालंय. रात्री पाठ टेकली की तिच्या मनात यायचं, आई तिकडे जाईल तर बरं. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज वाटण्यातच झोप उडायची.

विषय बदलायचा म्हणून तिने आईला वर्गातली पद्धत सांगितली. वॉचमनची फजिती सांगितली, नर्सचं मुद्दाम चुकणंही सांगितलं. आई इतकी हसली की साबण डोळ्यांत गेला.

"आणि चूक सांगायची पण नाही?"

"नाही. ज्याची त्याने शोधायची."

"आम्ही लाँड्रीत हेच करायचो. नव्या पोरीने घडी चुकवली की तीच चादर तिच्या पुढ्यात ठेवून द्यायची. बोलायचं नाही, ओरडायचं नाही. सापडेपर्यंत पुढची चादर द्यायची नाही. रडायच्या पोरी. पण मग जन्मात चुकायच्या नाहीत." आईने डोळा पुसून घेतला. "मग मी चुकीचं सांगितलं तर तू काय पाणी देणार नाहीस मला?"

"तुझं सगळं बरोबरच असतं, आई."

"हां," आई म्हणाली. "ते आहेच."

रविवारी दादा आला तो आपल्या गाडीमागे टेम्पो घेऊन. टेम्पोवाल्याने माल जिन्याच्या वळणापर्यंत आणून टेकवला, "आपलं बोलणं इथवरच झालं होतं," म्हणाला, आणि चालता झाला. हुकूमबाई दारात आली. वळणावर भिंतीला टेकून आईचं कपाट उभं होतं, दादाच्या घरी आईच्या खोलीत असायचं ते. त्यापाठी कमोडची खुर्ची, हवेची गादी आणि आईच्या चपला घातलेली एक पिशवी.

"खाली ये," दादा म्हणाला. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. "हे टोक धर."

"हे काय?"

"आईचं सामान. ती आता इथेच असते म्हटल्यावर सामान तिकडे कशाला? ती खोली आम्ही धाकट्याला अभ्यासाला देतोय. धर."

"तुझी पाळी आहे, दादा."

"पाळीबिळी काय घेऊन बसलीस लहान पोरांसारखी. आईला इथली सवय झालीय. तिकडे ती कोमेजून जाते. धर लवकर, हात भरून आलाय माझा."

सवयीने तिच्या ओठांवर 'बरं' आलं होतं. हातसुद्धा पुढे झाले होते. पण ती पहिल्या पायरीवर उतरलीच नाही. दाराशी दूधवाल्याच्या पातेल्यासाठी एक स्टूल असायचं, त्यावर ती बसली. आपण ठरवून बसलोय असं तिला वाटलंही नाही. बसली खरी, आणि बसल्यावर लक्षात आलं की उठायचं नाहीये.

"धर ना," दादा म्हणाला.

ती बसून राहिली.

"अगं, जरा धरतेस का?" मग जरा वेळाने, अगदी लोण्यासारख्या आवाजात, "धरशील का गं एवढं?"

अक्षरं एकेक करून बदलत होती. ऐकू येत होतं ते तेच.

"बरं नाहीये का तुला?"

"बरं आहे."

"मग ऊठ. रागावलीस का?"

"नाही."

"मग झालं काय, ते सांग तरी."

सांगायचं नसतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीवरचा पोपडा बघत राहिली. इतक्या वर्षांत वर्गाला शिकवलं, पण स्वतः हे कधी करून पाहिलं नव्हतं. पोरांना इतका वेळ कसं जमतं कोण जाणे. डोळे भरून येतात, आणि समोरचा माणूस घामाघूम झालेला बघवत नाही.

दादाने कपाट ढकलून वळणाच्या कोपऱ्यात दाबलं आणि धापा टाकत वर आला. तिच्या बाजूने वाट काढून तो आत गेला. आई पलंगावर उशीला टेकून बसलेली. दार उघडंच होतं, तिला सगळं दिसत होतं.

"आई, बघ ना हिला," दादा म्हणाला. "नुसती बसलीय. तोंडातून शब्द काढत नाही."

आईने लेकीकडे पाहिलं. लाँड्रीत नव्या पोरीची घडी पाहायची तसं, वरपासून खालपर्यंत, घाई न करता. खडूने फुटलेली बोटं पाहिली. उसवलेली चप्पल पाहिली. तिच्याकडे इतकं बघायची आईवर बहुधा वेळच आली नव्हती. कामं सांगितली की ती व्हायची.

"ती हलायची नाही," आई म्हणाली.

"का पण?"

"तू चुकीचं सांगितलंयस."

"मी काय चुकीचं सांगितलं?"

"ते ती सांगायची नाही. तुझं तू शोध."

दादा हसला. मग दोघींकडे आळीपाळीने पाहून त्याचं हसू विरलं. तो पलंगाच्या पायथ्याशी बसला. "आईने लेकीपाशी राहावं, यात चुकीचं काय?" त्याने विचारलं.  "मी काय आईला टाकतोय का?"  तो खरोखर शोधत होता बिचारा, कपाळाला आठ्या घालून, पण जन्मात कधी न शोधलेली वस्तू माणसाने शोधायची तरी कुठे? खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली, ती गेली. नळ टपकत होता.

"नाही सापडायची त्याला," शेवटी आई म्हणाली. "लहानपणी स्वतःची चप्पलसुद्धा तुलाच शोधायला लावायचा." मग तिने डोळे मिटले आणि उघडले. "अगं."

"हं."

"माझी पिशवी भर."

हुकूमबाई लगेच उठली नाही. दोन दिवस, दोन महिने, खरं तर दोन वर्षं तिला हेच हवं होतं. आता ते कानावर आलं आणि तिने त्या तीन शब्दांत चूक शोधली, जीव तोडून शोधली. एखादी काना-मात्रेची जरी सापडली असती तरी ती त्या स्टुलावरून हलली नसती. पण आईचं सगळं बरोबरच असायचं.

ती उठली.

"चष्मा घे," आई म्हणाली. "तो नको, जुना. नव्याने नाक दुखतं. गोळ्या वरच्या कप्प्यात. कंगवा. माझ्या दोन चादरी घे, तिकडच्या सुळसुळीत असतात, कोपरा राहत नाही."

"आई," हुकूमबाई म्हणाली. 

"तोंड हलवू नको. हात हलव."

दादाने आईला उचललं. हे त्याने कधी केलं नव्हतं, ते दिसतच होतं. हुकूमबाई सांगायला पुढे झाली, पण आईनेच सांगितलं. "गुडघ्याखालून धर. खुब्याला हात लावू नको. आता चल. हळू, पोतं नाहीये." जिन्याच्या वळणावर कपाटाने वाट अडवली होती. मायलेक तिरके तिरके होऊन त्यातून निघाले आणि मागून पिशवी घेऊन ही. गाडीत बसवल्यावर आईने काच खाली करायला लावली. काहीतरी सांगायची राहिलेली गोष्ट आठवत असावी. आठवली नाही, किंवा सांगायची नव्हती. गाडी गेली.

ती वर आली. पलंगावरची चादर काढली, झटकली, घडी घातली, मोडून पुन्हा घातली. स्वयंपाकघरात चहा ठेवताना ती दोनदा 'आले' म्हणाली, कुणी हाक मारलेली नसताना. मग गॅस बंद करून तिथेच ओट्याला टेकून भरपूर रडली. कपाट वळणावर तसंच राहिलं, आणि पुढे कितीतरी दिवस शेजारीपाजारी अंग चोरून जाताना तिच्या नावाने खडे फोडत होते.

सोमवारी ती वर्गावर गेली. साहेबांनी दारातूनच मान हलवली. टीव्हीसाठी भिंतीत ठोकलेले खिळे तसेच होते. तिने हजेरीचं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच नावाशी थांबली. तेवढ्यात नर्स उठली. तिने फळ्यावर 'सुरू करा' असा हुकूम लिहिला आणि त्यात जुनंच अक्षर ठेवलं, मोठं, ठळक, आंधळ्यालाही दिसेल असं. वर्ग थिजला. आचाऱ्याचं पेन्सिल तासणं अर्ध्यावर थांबलं. क्रेनवाल्याचा हात कानापाशी राहिला.

हुकूमबाई खुर्चीत बसली आणि डोळे मिटले. पण विसावा येईना. कान उभेच होते, एका 'अगं'साठी. तशात पर्समधला फोन वाजला.

"आई हलतच नाहीये," दादा म्हणाला.

 "म्हणजे? काय झालं तिला?"

"काही झालं नाही गं, ठणठणीत आहे. ती मोबाईलवाली मुलगी सकाळीच काम सोडून गेली, मी रजा टाकलीय. मी स्वतः चादर बदलली. म्हटलं, आता या कुशीवर वळ. तर माझ्याकडे बघत नुसती पडून राहिलीय. सकाळपासून हेच चाललंय. म्हणते, चूक आहे, शोध. मी तरी काय शोधू?" त्याचा आवाज दमला होता. तसा दमलेला आवाज तिने त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. "तुला माहीत असेल. सांग ना."

तिला माहीत होतं. पायाकडचा कोपरा. तो तिरका दुमडून मग आत खोचायचा, बोळा करून कोंबायचा नाही. हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं, आणि आईच्या खुब्याखाली ती चादर कशी गोळा झाली असेल तेही डोळ्यांसमोर आलं.

"सांगायचं नसतं, दादा," ती म्हणाली. "ज्याची त्याने शोधायची. सापडली की वळेल ती."

पलीकडून आईचा आवाज आला, मुकादमाचा, खणखणीत. "कोणाशी बोलतोयस? तिचा वर्ग चालू असेल. फोन ठेव."

दादाने फोन ठेवला. लगेच ठेवला.

ती फोन हातात धरून तशीच बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिने पुसलं नाही. हलायचं नव्हतं ना. नर्सने एकदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा फळ्याकडे तोंड केलं, हनुवटीला खडू लावला आणि ती चूक शोधतच राहिली.